काचेतल्या समुद्राचा जमाखर्च
खाऱ्या पाण्याच्या टाकीत वाढलेलं नायट्रेट कमी कसं कराल?

हौस एकाची आणि निगा दुसरीची, हा प्रकार आपल्या घरांना नवा नाही. गुलाबाची कलमं सासरे आणतात, ससा मुलांना हवा असतो. पण पाणी कोण घालतं आणि पिंजरा कोण धुतं, ते तुम्हांला सांगायला नको! आता त्यात खाऱ्या पाण्याच्या टाकीची भर पडली आहे. २००३ साली ‘फाइंडिंग नीमो’ हा चित्रपट आला आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउन मासा मुलांच्या ओळखीचा झाला. मग हट्ट होतो, वाढदिवस येतो आणि दिवाणखान्यातल्या शोकेसच्या जागी एक छोटासा समुद्र येऊन बसतो.

पहिले सहा महिने टाकी कशी दृष्ट लागण्यासारखी दिसते! मग काचेवर तपकिरी-हिरवा थर धरू लागतो. काल पुसलेली काच परवा पुन्हा तशीच. दगडांवर केसांसारखं शेवाळ लोंबतं. हौसेनं आणलेली कोळंबी कात टाकता टाकता मरते. मासे मात्र खाऊनपिऊन बरे असतात आणि पाणी तर आरशासारखं स्वच्छ. बाटलीतून थोडं पाणी दुकानात नेलं, की दुकानदार तपासून सांगतो, “वहिनी, नायट्रेट वाढलंय!” आणि लगेच फळीवरून एक औषधाची बाटली काढतो.

ती बाटली घेण्याआधी जरा थांबा. नायट्रेट बाहेरून येऊन चिकटलेला रोग नव्हे. टाकीत रोज जे घातलं जातं, त्यातलं जे बाहेर गेलं नाही, ते म्हणजे नायट्रेट. जमा जास्त आणि खर्च कमी झाला, की शिल्लक वाढणारच. घरात शिल्लक वाढली तर आपण खूश होतो, इथं मात्र तीच मुळावर येते. महिन्याचा जमाखर्च बिनचूक मांडणाऱ्या बाईला हे गणित अवघड नाही.

हे येतं कुठून?

माशांना घातलेल्या खाद्यात प्रथिनं असतात आणि प्रथिनांत नायट्रोजन असतो. खाद्य पचल्यावर माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. हा माशांना फार विषारी. पण दगडांवर, वाळूवर, फिल्टरमधल्या स्पंजवर सूक्ष्म जिवाणूंची वस्ती असते. त्यांतले काही अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. सर्गेई विनोग्राद्‌स्की या रशियन शास्त्रज्ञानं १८९० च्या सुमाराला या जिवाणूंचा माग काढला. विरजणातल्या जिवाणूंसारखेच हेही गुपचूप काम करत असतात.

नायट्रेट त्या दोघांच्या मानानं पुष्कळच सौम्य. म्हणून मासे लगेच मरत नाहीत, आणि म्हणूनच आपल्याला पत्ता लागत नाही. पण साध्या फिल्टरचं काम इथंच संपतं. तो विषाचं सौम्य रूप करतो, ते बाहेर काढत नाही. ते पाण्यात साचत राहतं आणि शेवाळाला आयतं खत मिळतं.

गोड्या पाण्याच्या टाकीत पुष्कळ जणी मनी प्लँटची फांदी सोडतात. तिची मुळं नायट्रेट शोषून घेतात आणि वेलही तरारतो. खाऱ्या पाण्यात मात्र हा उपाय चालत नाही, मिठानं वेलच मरतो. गोड्या पाण्यासाठी मिळणारे नायट्रेट शोषणारे रेझिनचे दाणेही समुद्राच्या पाण्यात निकामी ठरतात. पाण्यात क्लोराइड इतकं असतं की दाण्यांवर नायट्रेटला जागाच उरत नाही. औषधाच्या बाटलीवर ‘समुद्राच्या पाण्यासाठी’ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर पैसे पाण्यातच गेले म्हणून समजा.

आधी मोजा, मग बोला

प्रवाळ वाढतात त्या उघड्या समुद्रात नायट्रेट एक पीपीएमहूनही कमी असतं. पीपीएम म्हणजे एक लिटर पाण्यात एक मिलिग्रॅम. घरच्या टाकीत इतकं कमी राखण्याचं कारण नाही. नुसते मासे असतील तर ४० च्या खाली ठेवावं, २० च्या आत आलं तर उत्तमच. कोळंबी, शंखवर्गीय प्राणी वगैरे नाजूक मंडळी असतील तर ५ ते १० च्या आसपास बरं.

दुकानात मिळणाऱ्या टेस्ट किटनं घरीच मोजता येतं. त्यात तीन चुका नेहमी होतात. एक म्हणजे बाटली न हलवणं. काही किटमधल्या एका बाटलीत औषध तळाशी बसतं. ती माहितीपत्रकात लिहिल्याप्रमाणे खसाखसा हलवली नाही, तर आकडा कमी येतो आणि आपण उगीच निर्धास्त राहतो. दुसरी चूक रंग बघण्याची. ट्यूबलाइटखाली किंवा पिवळ्या दिव्याखाली रंग फसवतात. सकाळी खिडकीजवळ, पांढऱ्या कागदावर नळी धरून बघा. तिसरी चूक आकडा वाचण्याची. काही किटांवर ‘नायट्रेट-नायट्रोजन’चा आकडा असतो. त्याला ४.४ नं गुणलं म्हणजे नायट्रेटचा आकडा मिळतो. शेजारणीच्या टाकीत ५ आणि आपल्या टाकीत २२ आलं म्हणून हिरमुसू नका, दोन्ही आकडे एकच असू शकतात!

आलेला आकडा तारखेसह वहीत लिहा. दुधाच्या हिशेबाच्या वहीचं शेवटचं पान त्याला पुरे.

जमेची बाजू : खाऊ घालण्याची माया

आता थोडं गणित करू या. एक ग्रॅम कोरडं खाद्य घ्या. त्यात साधारण ४५ टक्के प्रथिनं असतात आणि प्रथिनांच्या वजनाच्या सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो. त्या सगळ्याचं नायट्रेट झालं, तर १०० लिटर पाण्यात ३ पीपीएमहून थोडं अधिक भरतं. थोडा भाग माशांच्या अंगी लागतो, थोडा आपण बाहेर काढतो. तरी रोज एक ग्रॅम म्हटलं तर आठवड्याला पंधरा-वीसची भर सहज पडू शकते. चिमूट-चिमूट म्हणता म्हणता केवढं होतं, पाहा!

घरात खाद्य एकच जण घालत नाही, खरी गोम इथंच आहे. सकाळी आजोबा घालतात, शाळेतून आल्यावर मुलगा घालतो, पाहुण्यांची मुलं आली की त्यांना गंमत म्हणून आणखी एक चिमूट. मासे काचेशी येऊन तोंड उघडतात, तेव्हा कुणालाही वाटतं, बिचारे उपाशी आहेत. पण मासा भुकेनंच येतो असं नाही, माणूस दिसला की खाऊ मिळतो हे त्याला ठाऊक झालेलं असतं. आपल्या पोरांना फ्रिज दिसतो तसं!

तेव्हा टाकीजवळ खाद्याचा डबा ठेवूच नका. हिंगाच्या डबीत असतो तेवढा एक नवा चमचा मापाला ठरवा. दोन-तीन मिनिटांत संपेल इतकंच घाला आणि दिवसाचं माप सकाळीच एका वाटीत काढून ठेवा. वाटी रिकामी झाली की त्या दिवसाचं जेवण संपलं, मग घरात कोणी का असेना. गोठवलेली कोळंबी किंवा मासळी घालत असाल तर आधी बारीक गाळण्यात वितळवून धुवा. ते वितळलेलं पाणी म्हणजे नुसता प्रथिनांचा काढा, तो टाकीत जाऊ देऊ नका. मोठ्या, धडधाकट माशांना आठवड्यातून एक उपास चालतो. लहानशा, सतत टिपत राहणाऱ्या जातींना आणि पिल्लांना मात्र उपास घडवू नका. त्यांना थोडं थोडं पण वरचेवर लागतं.

एखादा मासा किंवा शंख दोन दिवस दिसला नाही, तर ‘दगडामागं असेल’ म्हणून सोडून देऊ नका. मेलेला जीव कोपऱ्यात कुजत असेल, तर तो कितीतरी दिवसांच्या खाद्याइतकी भर घालतो.

कुजण्याआधीच बाहेर काढा

घाण कुजली की तिचं नायट्रेट होतं. कुजण्याआधीच ती बाहेर काढली, तर पुढचा प्रश्नच उरत नाही. पण घडतं उलटं. फिल्टरमधला पांढरा कापूस महिनामहिना तसाच राहतो. पाणी त्यातून स्वच्छ होऊन येतं, पण अडकलेली घाण तिथंच कुजत असते. सिंकच्या जाळीत खरकटं साठवून वरून नळ सोडल्यासारखंच हे! कापूस दर दोन-तीन दिवसांनी बदला. स्पंज आणि जिवाणूंची वस्ती असलेले चिनी मातीचे तुकडे मात्र नळाखाली धुऊ नका. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिननं उपयोगी जिवाणू मरतील. टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यात ते नुसते हिसळून घ्या. साबण तर जवळपासही नको.

दुसरं साधन म्हणजे प्रोटीन स्किमर. साखरेचा पाक करताना वर मळी येते आणि आपण ती झाऱ्यानं काढून टाकतो. डाळ उकळताना वर फेस येतो, तोही काढतो. स्किमरचं काम नेमकं हेच. नळीतून बारीक बारीक बुडबुडे सोडले की पाण्यातली प्रथिनं त्यांना चिकटून वर येतात आणि चहाच्या रंगाचा घाण वास येणारा फेस वरच्या पेल्यात जमतो. खाऱ्या पाण्यात बुडबुडे फार बारीक होतात, म्हणून हे साधन तिथंच नीट चालतं. पेल्याच्या गळ्याला चिकट थर बसला की फेस वर चढत नाही. तेव्हा दर दोन-तीन दिवसांनी पेला आणि गळा आतून पुसून घ्या. पुष्कळ घरांत स्किमर दिवसरात्र घरघरत असतो, वीज खातो, आणि चिकट गळ्यामुळे काम मात्र काहीच करत नाही.

खर्चाची बाजू : पाणी किती बदलायचं?

इथं सगळ्यांत जास्त घोटाळा होतो. ‘दर रविवारी दहा टक्के पाणी बदलते, तरी नायट्रेट कमी होत नाही,’ अशी तक्रार वारंवार ऐकू येते. होणारच नाही, कसं ते बघा.

तुमच्या टाकीत आज ८० पीपीएम नायट्रेट आहे. दहा टक्के पाणी बदललंत, ८० चं ७२ झालं. पण आठवड्याभरात खाद्यातून आणखी १० ची भर पडली, म्हणजे पुढच्या रविवारी ८२! पुन्हा दहा टक्के बदलून ७४, त्यापुढच्या रविवारी ८४. असं करत करत आकडा १०० पर्यंत चढत जाऊन तिथंच थांबतो. सावकाराचं व्याज फेडत राहावं आणि मुद्दल तसूभरही हलू नये, तशी ही गत.

हिशेबाचं सूत्र सोपं आहे. आठवड्याला जेवढी भर पडते, तिला बदललेल्या पाण्याच्या प्रमाणानं भागा. भर १० ची आणि बदल दहावा हिस्सा, म्हणजे आकडा १०० वर स्थिरावणार. पाव हिस्सा बदललात तर ४० वर. आणि खाद्य आवरून भर ५ वर आणलीत व दर आठवड्याला पाचवा हिस्सा बदललात, तर २५ वर. ८० पासून सुरुवात केली तर या बेतानं दोन महिन्यांत आकडा ३५ च्या आत येईल. जमा कमी आणि खर्च थोडा अधिक, दोन्ही एकदम केल्याशिवाय हा हिशेब जुळत नाही.

घाई मात्र नको. एका दिवसात सगळं पाणी उपसून नवं भरण्याचा विचारही करू नका. जुन्या पाण्याला सरावलेल्या जिवांना हा धक्का सोसत नाही. महिन्यांनी साचलेलं आठवड्यांनीच उतरवावं. आकडा अगदी शून्यावर आणण्याचाही अट्टहास नको. थोडं नायट्रेट टाकीतल्या जिवांनाही लागतं. नाहीतर चिकट, तपकिरी बुरशीसारखा दिसणारा दुसराच उपद्रव सुरू होतो.

१०० लिटरच्या टाकीत आठवड्याला २० लिटर बदलायचे, म्हणजे महिन्याला ८० लिटर. लिटरमागं सुमारे ३५ ग्रॅम मीठ धरलं, तर जवळपास ३ किलो. हे मीठ मत्स्यालयासाठी म्हणून मिळतं तेच हवं. स्वयंपाकाच्या आयोडीनयुक्त मिठानं समुद्राचं पाणी होत नाही. टाकी घेतानाच हा महिन्याचा खर्च घरात सगळ्यांसमोर मांडा. माशांची किंमत एकदाच द्यावी लागते, मिठाची दर महिन्याला.

नवं पाणी आदल्या दिवशीच वेगळ्या बादलीत कालवून, छोटा पंप सोडून ढवळत ठेवा. बादली नवी घ्या आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत ‘मासे’ असं लिहा, म्हणजे कुणी तिच्यात कपडे भिजवणार नाही. टाकीचं आणि नव्या पाण्याचं तापमान व खारटपणा सारखा असल्याची खात्री करून मगच ते ओता. टाकीतलं पाणी उन्हाळ्यात आटतं तेव्हा मात्र साधं, शुद्ध पाणीच घाला. मिठागरात पाणी उडून जातं आणि मीठ मागं उरतं, तसंच इथंही होतं.

काढलेलं खारं पाणी तुळशीला किंवा कुंड्यांना घालू नका. गोड्या पाण्याच्या टाकीतलं पाणी झाडांना अमृतासारखं, पण हे पाणी त्यांना जाळील. ते न्हाणीघरातच ओता.

नळाचं पाणी, बोअरचं पाणी आणि घरातलं बाळ

पाणी बदलूनही आकडा हलत नसेल, तर टाकीत घालता ते पाणीच एकदा तपासा. किटमध्ये गोड्या पाण्यासाठी रंगांचा वेगळा तक्ता असेल तर तो वापरा. आपल्याकडं पिण्याच्या पाण्यात ४५ पीपीएमपर्यंत नायट्रेट चालतं, असं भारतीय मानक आहे. म्हणजे पिण्याला योग्य ठरलेलं पाणीसुद्धा टाकीच्या दृष्टीनं भरलेलंच असू शकतं. विहिरी आणि बोअरच्या पाण्याची गोष्ट तर आणखी वेगळी. शेतातली रासायनिक खतं, शेणखताचे उकिरडे, शौचालयांचे शोषखड्डे यांतून नायट्रेट झिरपत जमिनीखालच्या पाण्यात उतरतं. महाराष्ट्रातल्या बऱ्याच ठिकाणच्या विहिरींत ते ४५ च्या वर सापडलेलं आहे.

मैत्रिणींनो, इथं माशांची गोष्ट घडीभर बाजूला ठेवा. तुमच्या बोअरच्या पाण्यात आकडा ४५ च्या वर दिसला आणि घरात सहा महिन्यांच्या आतलं, वरच्या दुधावरचं बाळ असेल, तर त्या पाण्यात दुधाची भुकटी कालवू नका. एवढ्या लहान बाळाच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते. ओठ, नखं निळसर पडतात. असं दिसलं तर घटकाभरही न थांबता डॉक्टरांकडं न्या. ‘आम्ही पाणी उकळून देतो,’ असं सासूबाई म्हणतील. उकळल्यानं जंतू मरतात हे खरं, पण नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं आणि नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे ते अधिकच दाट होतं! तुरटी, कँडलचा फिल्टर किंवा यू.व्ही.चा दिवा यांनीही ते जात नाही. आर.ओ. यंत्रानं त्यातलं पुष्कळसं निघतं. अंगावरचं दूध पुरत असेल तर सहा महिने त्यासारखं दुसरं काही नाही.

माशांच्या किटवर पिण्याच्या पाण्याचा अंतिम निकाल मात्र लावू नका. शंका आली तर पाणी प्रयोगशाळेत द्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळा महाराष्ट्रात जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत. टाकीच्या निमित्तानं घरातल्या पिण्याच्या पाण्याची परीक्षा झाली, तर ती हौस कारणी लागली म्हणायची.

टाकीसाठीही आर.ओ.चंच पाणी उत्तम. पण स्वयंपाकघरातल्या काही यंत्रांत चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळण्याची सोय असते. ते मिसळणं बंद करून घ्या, नाहीतर मागच्या दारानं नायट्रेट आत येतं. यंत्रातून वाया जाणारं पाणी फरशी पुसायला ठेवा.

निसर्गाची मदत

ताज्या हवेशिवाय जगणारे काही जिवाणू असतात. प्राणवायू मिळेनासा झाला की ते नायट्रेटमधलाच प्राणवायू वापरतात आणि उरलेला नायट्रोजन वायू होऊन हवेत उडून जातो. सच्छिद्र दगडाच्या पोटात आणि चार इंचांहून जाड वाळूच्या तळाशी त्यांची वस्ती होते. जकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६१ साली आपली पद्धत एका मासिकात मांडली, ती अशाच जिवंत दगडांच्या आधारावर. समुद्रातले जीव वस्तीला असलेले दगड आणि हवेचे थोडे बुडबुडे, एवढ्यावर त्यांच्या टाक्या चालत.

आपण मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. भारतात कठीण प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. २००१ साली ते आणि समुद्रघोडेही त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. तेव्हा समुद्रातून काढलेलं प्रवाळ किंवा प्रवाळाचा ‘जिवंत दगड’ कुणी गुपचूप देऊ केला तर सरळ नाही म्हणा. मालवणला सहलीला गेलात आणि मुलांनी प्रवाळाचा तुकडा उचलला, तर तोही तिथंच ठेवायला सांगा. चिनी मातीचे सच्छिद्र तुकडे आणि कृत्रिम दगड बाजारात मिळतात. चार-सहा महिने धीर धरलात, की त्यांतही हीच वस्ती होते. मासे घेतानाही ‘हे समुद्रातून धरलेले की पैदाशीचे?’ असं आवर्जून विचारा. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं क्लाउन माशांच्या पैदाशीचं तंत्र विकसित केलं आहे. पैदाशीचा मासा टाकीला सरावलेला असतो आणि कोरडं खाद्यही चटकन घेतो.

वाळूचा थर पातळ असेल तर पाणी बदलताना नळीनं वरवरची घाण ओढून घ्या. थर जुना आणि जाड असेल तर तळापर्यंत उकरू नका. आत सडक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायू साचलेला असू शकतो आणि तो एकदम सुटला तर मासे दगावतात.

दुसरा उपाय आपल्या आवडीचा, शेतीचा! टाकीखाली पाण्याचा दुसरा हौद असेल तर त्यात कीटोमॉर्फा नावाचं हिरव्या लोकरीच्या गुंत्यासारखं शेवाळ वाढवा आणि वर दिवा लावा. हे शेवाळ नायट्रेट खाऊन वाढतं. दर पंधरवड्याला त्यातलं थोडं खुडून फेकून दिलं, की तेवढं नायट्रेट घराबाहेर गेलं. मेथीची वाफी खुडतो तसंच. खुडलं नाही तर मात्र ते आतच मरून कुजेल आणि खाल्लेलं सगळं परत करील. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत वॉल्टर ॲडी यांनी शेवाळानंच पाणी शुद्ध करण्याची रीत मोठ्या टाक्यांसाठी बसवली, तिचं तत्त्व हेच.

व्हिनेगरचा उपायही तुमच्या कानावर येईल. रंग-मसाला नसलेलं साधं व्हिनेगर थेंबाथेंबानं रोज घातलं, की जिवाणू भराभर वाढतात, वाढताना नायट्रेट वापरतात आणि स्किमर त्यांना बाहेर काढतो. उपाय खरा आहे. पण चांगला स्किमर नसेल तर याच्या वाटेला जाऊ नका. माप थोडं जास्त झालं की पाणी दुधाळ होतं, प्राणवायू कमी पडतो आणि रातोरात मासे जातात. फोडणीचा अंदाज इथं चालत नाही. आधीचे सगळे उपाय तीन महिने मनापासून करून पाहिल्यावर, जाणकाराकडून माप ठरवून घेऊन, मगच याचा विचार करावा.

परगावी जाताना, दिवे गेल्यावर

मे महिन्यात माहेरी जाताना किंवा गणपतीला कोकणात जाताना टाकी शेजारी सोपवली, की शेजारीण मायेनं मूठमूठ खाद्य घालते. तिच्याकडं डबा देऊच नका. कागदाच्या छोट्या पुड्या बांधा, एकेका पुडीवर वार लिहा, आणि ‘एवढंच, बरं का!’ असं हसत सांगून ठेवा. दोन-तीन दिवसांचाच प्रवास असेल, तर मोठ्या माशांना पुडीचीही गरज नाही.

वीज बराच वेळ गेली तर फिल्टरच्या बंद डब्यातलं पाणी नासतं आणि आतले जिवाणू मरू लागतात. काही तास वीज नसेल तर आल्याबरोबर बटण दाबू नका. आधी डबा उघडून वास घ्या, आतलं पाणी ओतून द्या, मगच सुरू करा. दिवे नसताना खाद्यही घालू नका. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असलेला बरा.

आठवड्याचं वेळापत्रक

एक कागद टाकीच्या कपाटाला आतून चिकटवून ठेवा :

रोज : ठरलेल्या मापाचं खाद्य; सगळे मासे दिसले की नाही ते पाहणं; आटलेल्या पाण्याची भर.
दर दोन-तीन दिवसांनी : कापूस बदलणं, स्किमरचा पेला आणि गळा पुसणं.
शनिवारी : नवं पाणी कालवून ठेवणं.
रविवारी : नायट्रेट मोजून वहीत लिहिणं, मग पाचवा हिस्सा पाणी बदलणं आणि वाळूवरची घाण ओढून घेणं.
पंधरवड्यानं : हौदातलं शेवाळ खुडणं.
महिन्यानं : टाकीत घालायचं पाणी तपासणं, मिठाचा साठा पाहणं.

प्रत्येक कामापुढं घरातल्या माणसाचं नाव लिहायला विसरू नका. बादल्या उचलणं हे हौस करणाऱ्याचं काम, मोजणं शाळकरी मुलाचं. रंग जुळवताना आणि भागाकार करताना त्याचं विज्ञानही पक्कं होईल. तुमच्याकडं वही ठेवा. दोन महिन्यांनी पानावरचे आकडे उतरताना दिसतील आणि काच पुसायची पाळी दोन दिवसांऐवजी आठवड्यानं येईल. त्या वाचलेल्या वेळात टाकीसमोर चहाचा पेला घेऊन निवांत बसा. तो समुद्र तुमच्याही घरातला आहे, नाही का?